तालात जमले, सुरात अडले

हिंदुस्थानी रागसंगीत एका षड्जावर उभे असते. तानपुऱ्यावर तो अखंड वाजत राहतो आणि बाकीचे सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखले जातात. पाश्चात्त्य संगीतात गेल्या तीन-चारशे वर्षांत वेगळी रीत रुजली. तीन-चार स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड तयार होते, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना ताण वाढतो, मूळ कॉर्डवर परतल्यावर तो सुटतो, आणि वाटेत आधाराचा स्वरही बदलता येतो. या दोन रीतींचा मेळ घालण्याचे काम मराठी माणसांच्या वावरात दोन शतके चालू आहे. तंजावरचा भोसल्यांचा दरबार, सांगलीतले श्रुतींचे प्रयोग, पुण्या-मुंबईची रंगभूमी, गोव्याच्या चर्चशाळांतून शिकून मुंबईला आलेले वादक, बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिकेचा मुंबईतला घरसंसार ही या कामाची ठिकाणे. आज 'फ्यूजन' या नावाने जे ऐकू येते त्याच्या मागे ही सगळी खटपट आहे. ती क्रमाने पाहिली तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. तालाच्या अंगाने हा मेळ लवकर आणि सहज जमला. सुराच्या अंगाने तो सतत अडत राहिला आणि प्रत्येक पिढीला त्यासाठी नवी तोड काढावी लागली.

अडचण नेमकी कुठे

पाश्चात्त्य साथीत सर्वांत साधी कॉर्ड म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र. आता मारवा राग घेतला तर त्यात पंचम वर्ज्य आहे. गायक षड्जावरही फार थांबत नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्याभोवती फिरत तो षड्ज लांबवत नेतो आणि मारव्याची सारी हुरहूर त्या लांबवण्यातच असते. अशा वेळी गिटारवर षड्जाची कॉर्ड पडली की वर्ज्य स्वर आत येतो आणि राखून ठेवलेला विसावा आधीच मिळून जातो. मालकंसाचेही तसेच. त्यात रिषभ आणि पंचम दोन्ही नाहीत. कॉर्डने शोभा वाढते असे गृहीत धरून साथ केली तर रागाचे रूपच बिघडते.

दुसरी अडचण स्वरस्थानांची. पियानो, ऑर्गन, गिटार आणि कीबोर्ड यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. अंतर मोजण्याच्या सेंट या एककात प्रत्येक भाग 100 सेंटचा. या हिशेबाने शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार साधारण 386 सेंटवर असतो. फरक 14 सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. ऐकायला तो थोडा वाटला तरी तयार कानाला टोचतो. शिवाय रागातला स्वर एका जागी खिळलेला नसतो. दरबारी कानड्याचा गंधार आंदोलित असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने, म्हणजे न तुटता सरकत, जावे लागते. पट्टी दाबून वाजणाऱ्या वाद्यावर ही वाटचाल होत नाही.

तिसरी अडचण रचनेची. पाश्चात्त्य वाद्यवृंदात प्रत्येक वादकासमोर लिहिलेला कागद असतो. ख्याल किंवा गत त्या त्या बैठकीत घडत जाते. बंदिश ठरलेली असली तरी तिचा विस्तार ठरलेला नसतो.

तालात यातले काहीच आड येत नाही. तीनतालाच्या 16 मात्रा पाश्चात्त्य चार-चारच्या चार मापांत चपखल बसतात. रूपकाच्या सात मात्रा जॅझच्या ड्रमरला परक्या वाटत नाहीत. तिहाई हे तर सरळ अंकगणित आहे. पाच मात्रांचा एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि मध्ये एकेका मात्रेची उसंत द्यायची, म्हणजे बेरीज 17 होते. समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून, निघालेली ही तिहाई पुढच्या समेवर नेमकी येऊन पडते. ड्रमसेटवर ती वाजली तरी कुठला नियम मोडत नाही आणि तिचा थरार कमी होत नाही. पुढचा सारा इतिहास या फरकातून उलगडतो.

तंजावरच्या दरबारात

दुसरे सरफोजी राजे भोसले (1777–1832) यांनी 1798पासून तंजावरची गादी सांभाळली. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते आणि युरोपीय विद्यांची त्यांना ओढ होती. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली जोपासना सर्वश्रुत आहे. संगीतातही त्यांनी तसाच संग्रह केला. नृत्यासाठी मराठी पदे रचली आणि त्याच दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. त्यांच्या आश्रयाने तंजावरात पाश्चात्त्य स्वरलेखन आणि वाद्ये दरबारी वादकांच्या परिचयाची झाली.

त्याच सुमारास दक्षिणेत दुसरी एक गोष्ट घडली. मुत्तुस्वामी दीक्षितांनी ब्रिटिश बँडवर ऐकलेल्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. 'नोट्टुस्वर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळीसच्या आसपास आहेत आणि त्यांत ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवरचीही एक आहे. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित व्हायोलिन शिकले आणि त्यांनी ते कर्नाटक संगीताच्या साथीला आणले. पुढे व्हायोलिन त्या संगीतात असे मुरले की त्याचे परकेपण कुणाला आठवतही नाही.

कारण वाद्याच्या घडणीत आहे. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट तारेवरून सरकवता येते आणि गमक, मींड, आंदोलन सगळे निघते. दाक्षिणात्य वादकांनी ते मांडी घालून, छाती आणि पावलाच्या मध्ये टेकवून धरले आणि तारा षड्ज-पंचमात मिळवल्या. वाद्य युरोपातून आले, पण त्याच्यासोबत हार्मनी आली नाही. मेळाची पहिली यशस्वी तोड ही होती: वाद्य घ्यायचे आणि त्याला आपल्या रीतीने बोलायला लावायचे.

पेटीचा वाद

हार्मोनियमच्या बाबतीत हे इतके सोपे नव्हते. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली पायपेटी आणि मग तिच्यावरून बनलेली हातपेटी मराठी संगीत नाटकाने आपलीशी केली. गायक नटाला सूर देणारे, नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे आणि वारंवार जुळवावे न लागणारे वाद्य रंगभूमीला हवे होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला साथीच्या पलीकडे स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. पण पेटीचे स्वर ठरलेले असतात. मींड तिच्यातून निघत नाही, तिचा आभास तेवढा उभा करता येतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नावर शास्त्राच्या बाजूने काम केले. 1910मध्ये त्यांनी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या, मापनावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले आणि श्रुती वाजवणारी खास पेटी तयार झाली. 1916मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयावर जोराचा वाद झाला. विष्णु नारायण भातखंडे या श्रुतिगणिताच्या विरोधात होते. गायक प्रत्यक्ष जे गातो ते प्रमाण मानावे, पट्ट्यांवर बसवलेले गणित मानू नये, अशी त्यांची भूमिका होती.

या वादाचे पडसाद दीर्घकाळ उमटले. 1940मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती 1971मध्ये काही अंशी उठली. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली. देवलांनी मांडलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही जिवंत असल्याची ती खूण आहे.

रंगभूमी, चित्रपट आणि बँड

1933मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले. तासन्‌तास चालणाऱ्या गाण्यांच्या जागी त्यात थोडी, प्रसंगाला धरून येणारी पदे होती. संगीत केशवराव भोळे यांचे होते. भोळे स्वतः ख्यालगायकीचे मर्मज्ञ समीक्षक, पण पाश्चात्त्य संगीतही त्यांनी कान देऊन ऐकले होते. नाट्यपदाच्या साथीला पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार अशी वाद्ये आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे 'प्रभात' या चित्रपटसंस्थेत त्यांनी 'संत तुकाराम'सारख्या चित्रपटाला अभंगाचा साधा बाज दिला आणि 1937च्या 'कुंकू'त शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन घेतली. एकाच संगीतकाराच्या कामात ही दोन टोके सुखाने नांदली.

'प्रभात'चे दुसरे संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्यापुढे वेगळा पेच होता. स्वातंत्र्याच्या सुमारास राष्ट्रगीताची चर्चा चालू असताना 'वंदे मातरम्' बँडवर वाजवता येत नाही असा आक्षेप घेतला गेला. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याने झिंझोटी रागावर आधारलेली चाल बांधली आणि ती पाश्चात्त्य बँडवर वाजेल अशा स्वरावलींत बसवून सिद्ध करून दाखवली. झिंझोटी संपूर्ण राग आहे. त्यात सातही स्वर लागतात, त्यामुळे कॉर्डला जागा मिळते. मारवा किंवा मालकंस घेतला असता तर हेच काम कितीतरी अवघड झाले असते. रागाची निवड हीच इथे निम्मी तोड होती.

गोव्याचे वादक आणि लिहिलेले सूर

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. या शाळांतून निघालेले वादक ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, लष्करी बँडांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत गेले. हिंदी चित्रपटाचे संगीतकार बहुधा चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवत. ती कागदावर उतरवून पन्नास-साठ वादकांत वाटण्याचे काम गोमंतकीय अरेंजर करत.

या कामातले एक मोठे नाव सेबास्टियन डिसोझा यांचे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. मुंबईत ते शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे अरेंजर झाले. गायकाच्या ओळीखाली कॉर्डचा थर घालण्यापेक्षा तिच्या जोडीने चालणारी दुसरी स्वरओळ व्हायोलिनच्या ताफ्याकडून वाजवून घेण्यावर त्यांचा भर असे. रागदारी चालीला ही रीत मानवली. मुख्य ओळ आपल्या स्वरांत राहते, दुसरी ओळ तिचे स्वर सांभाळत मागे-पुढे चालते आणि वर्ज्य स्वर टाळण्याची मोकळीक अरेंजरला मिळते.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) याच्याही पुढे गेले. चित्रपटांत व्हायोलिन वाजवताना आणि अरेंजरचे काम करताना त्यांना रागांची गोडी लागली. 1958मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमात चित्रपटसृष्टीतले वादक एकत्र आले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांनी गायन केले. रागांवर बेतलेले, पण सिंफनी वाद्यवृंदासाठी पूर्ण लिहिलेले संगीत असे या प्रयोगाचे स्वरूप होते. त्याला कायमचा आश्रय मिळाला नाही. 1960च्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि परतल्यावर गोव्यात राहिले. प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचे नाव गुंफून प्यारेलालांनी ते घरोघरी पोहोचवले, पण त्या नावामागचे काम फार थोड्यांना माहीत झाले.

जॅझची वाट

1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी जॅझमध्येच असा बदल झाला की रागसंगीताशी त्याचे बोलणे सोपे व्हावे. माइल्स डेव्हिस यांच्या 1959च्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत कॉर्डची धावपळ कमी करून एकेका स्वरसप्तकावर बराच वेळ रमण्याची पद्धत पुढे आली. जॉन कोल्ट्रेन यांनी रविशंकरांचे वादन कान देऊन ऐकले आणि आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. एका आधारस्वरावर बसून विस्तार करणे दोन्हीकडे समान झाले.

लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. मेयर यांनी रागाचा सांगाडा लिहून दिला आणि जॅझ वादकांना त्यात ठरलेल्या जागा दिल्या. पुढच्याच वर्षी यहुदी मेन्यूहिन आणि रविशंकर यांची 'वेस्ट मीट्स ईस्ट' आली. जगभर तिचे कौतुक झाले, पण मेन्यूहिन यांच्या वाट्याचे बरेचसे संगीत आधी लिहून घ्यावे लागले होते.

मुंबईत गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी 1970च्या सुमारास 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका काढली. सॅक्सोफोनवर ओठांच्या दाबाने स्वर थोडा वर-खाली नेता येतो, त्यामुळे पियानोपेक्षा हे वाद्य रागाला जवळचे. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ इंडिया' संस्थेने 1978मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. सनी रॉलिन्स यांच्यासारखे वादक त्यात आले. धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर मुंबईकरांनी हा संवाद अनेक वर्षे ऐकला. ब्राझ गोन्साल्विस, पियानोवादक लुई बँक्स आणि कर्नाटक गायिका रमामणी यांच्या एकत्र वादन-गायनातून इंडो-जॅझचा भारतीय चेहरा इथेच घडला. रमामणी स्वरांची सरगम आणि तालाचे बोल गात, सॅक्सोफोन त्याला उत्तर देई आणि पियानो बराच वेळ दोन-तीन स्वरांवर थांबून राही.

'शक्ती'

1970च्या दशकातला सर्वांत दूरगामी प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याचा एक खांब मुंबईचा होता. झाकीर हुसेन (1951–2024) यांचा जन्म मुंबईत, बालपण माहीममध्ये. वडील उस्ताद अल्लारखा यांच्याकडून त्यांना पंजाब घराण्याची तालीम मिळाली. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत त्यांनी 'शक्ती' हा समूह उभा केला. व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर टी. एच. विनायकराम होते. 5 जुलै 1975 रोजी न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण 1976मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर आले.

'शक्ती'त ड्रमसेट, बेस गिटार, पियानो यांपैकी काहीच नव्हते. गिटारीसकट कुठल्याच वाद्याकडे कॉर्ड लादण्याचे काम नसल्यामुळे सुराची अडचण मुळातूनच टळली. मॅक्लॉफ्लिन यांनी वीणावादन अभ्यासले होते. गिब्सनच्या कारागिराने त्यांच्यासाठी घडवलेल्या गिटारीला मुख्य तारांच्या खालून तिरप्या जाणाऱ्या सात तारा होत्या. त्या षड्ज-पंचमाचा नाद देत. पडद्यांमधली लाकडी जागा खोलगट केलेली असल्यामुळे तार खोल दाबून, ओढून मींड काढता येई. युरोपीय वादकाने आपले वाद्यच रागाच्या दिशेने वाकवले होते, आणि तालात तर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचे घटम यांना एकमेकांचे बोल समजून घ्यावे लागले, आणि त्या दोघांसोबत गिटारीला अवघड मात्रांचे हिशेब पाठ करावे लागले.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात हा समूह 'रिमेंबर शक्ती' नावाने पुन्हा जमला. 2001च्या 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणात शंकर महादेवन यांचा गळा आला. चेंबूरमध्ये वाढलेल्या या गायकाने कर्नाटक संगीताच्या तालमीबरोबर श्रीनिवास खळे यांच्याकडेही शिक्षण घेतले होते. पुढे 'कट्यार काळजात घुसली' (2015) या मराठी चित्रपटात त्यांनी पंडितजींची भूमिकाही केली. 2023मध्ये 'शक्ती'ची 'धिस मोमेंट' ही नवी ध्वनिमुद्रिका आली आणि फेब्रुवारी 2024मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. त्याच रात्री झाकीर हुसेन यांना एकूण तीन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले.

गुर्टू मायलेक

मराठी घरात घडलेले याचे सर्वांत नमुनेदार उदाहरण म्हणजे शोभा गुर्टू आणि त्यांचे चिरंजीव त्रिलोक. शोभाताईंचा (1925–2004) जन्म बेळगावचा, माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका होत्या. जयपूर-अत्रौलीच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांना मिळाली होती. शोभाताईंनी ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांत नाव मिळवले. 2002मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म 1951मध्ये मुंबईत झाला. तबल्याचे शिक्षण लहानपणीच सुरू झाले. तरुणपणी जिमी हेंड्रिक्स आणि कोल्ट्रेन यांच्या तबकड्या हाती आल्यावर ड्रमसेट वाजवण्याची ओढ लागली. 1970च्या दशकात ते युरोपात गेले. 1984मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकी समूहाचे तबला-सतारवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले तेव्हा त्यांच्या जागी गुर्टू आले. 1980च्या दशकाच्या अखेरीस जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या तिघांच्या समूहात त्यांनी तालाची बाजू सांभाळली. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधले 1989चे ध्वनिमुद्रण त्या काळाची साक्ष देते.

त्यांच्या वादनाची मांडणी वेगळीच आहे. स्टुलावर बसून ड्रम वाजवण्याऐवजी ते जमिनीलगत, गुडघ्यांवर बसतात. तबला, झांजा, ड्रम, घंटा सगळे हाताच्या टप्प्यात असते. शेजारी पाण्याची बादली ठेवलेली असते. वाजती झांज किंवा घंटा तिच्यात बुडवली की तिचा सूर घसरतो, म्हणजे ज्या वाद्यातून मींड निघूच शकत नाही त्यातून ती काढली जाते. तोंडाने बोल म्हणत ते हाताने वाजवतात, त्यामुळे ड्रमवर पडणारा आघातही तबल्याच्या बोलाचे वजन घेऊन येतो.

1988च्या 'उस्फ्रेट' या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आणि 1993च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये शोभाताई गायल्या आहेत. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखे जॅझवादकही आहेत. इथे आईने आपली गायकी बदललेली नाही. ठुमरीचा लगाव, खटके, शब्दांची लाडिक फेक सगळे जसेच्या तसे आहे. बदलली आहे ती भोवतालची लय. गाणाऱ्या सुराला हात न लावता त्याच्याभोवती तालाची नवी वीण घालायची, ही तोड मुलाला आईच्या गाण्याची नस ठाऊक असल्यामुळेच सापडली.

वाद्ये वाकवणे

सुराची अडचण सोडवायला काहींनी वाद्यांनाच हात घातला. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटार रागासाठी वापरली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची 1967ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घराघरांत पोहोचली. तारेवर धातूची सळई सरकवून वाजवल्यामुळे गिटारीचे पडदे निरुपयोगी ठरतात आणि मींड मोकळी होते. विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. राय कूडर यांच्यासोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला 1994मध्ये ग्रॅमी मिळाले. मुंबईत नीलाद्री कुमार यांनी सतारीच्या तारा कमी करून, तिला विजेची जोड देऊन 'झिटार' तयार केली. झाकीर हुसेन यांचे बंधू तौफिक कुरेशी यांनी आफ्रिकेच्या जेंबेवर तबल्याचे बोल बसवले. इथेही तालाच्या वाद्याला नवी घडण लागली नाही, नुसत्या हाताच्या नव्या वळणाने काम भागले.

कीबोर्डला मींड येत नाही ही तक्रार पिच बेंडच्या चाकाने काही प्रमाणात सुटली. उजव्या हाताने पट्टी दाबायची आणि डाव्या हाताने चाक फिरवत सूर वर-खाली न्यायचा. शिवकुमार शर्मांचे शिष्य अभिजित पोहनकर यांनी या पद्धतीने कीबोर्डवर रागवादन केले आणि वडील अजय पोहनकर यांच्या गायकीला इलेक्ट्रॉनिक साथ देत 'पिया बावरी' हा अल्बम केला. गुर्टूंच्या घरासारखीच ही मांडणी आहे: आधीच्या पिढीचा गळा, पुढच्या पिढीची वाद्ये.

मैफलीच्या बाहेरही ही सरमिसळ चालू असते. कर्नाळ्याच्या परिसरात, पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी, कोळी, कराडी गावांत भजनी मंडळे पखवाज आणि पेटीवर रागांच्या छायेतले अभंग आळवतात. त्याच गावांत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी वाजते. हा बेंजो मूळचा जपानी ताइशोगोतो, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागोया शहरात तयार झालेला आणि हिंदुस्थानात बुलबुलतरंग या नावाने रुळलेला. कोकण-मुंबईत त्याला विजेचा पिकअप लागला, शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. भजन पेटीच्या ठरलेल्या स्वरांवर, हळदीचे गाणे कीबोर्डच्या ठरलेल्या स्वरांवर. श्रुतींचा वाद इथे कुणी घालत नाही, कारण या गाण्याचा जीव ठेक्यात असतो.

वाद्यवृंदासमोर तबला

सर्वांत अवघड राहिला तो सिंफनी वाद्यवृंदाशी मेळ. रविशंकरांचा सतारीचा पहिला कन्चेर्तो 1971मध्ये आंद्रे प्रेविन आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासोबत ध्वनिमुद्रित झाला. दुसऱ्या कन्चेर्तोचे संचालन मुंबईच्या झुबिन मेहता यांनी केले. दोन्हींत सतार बोलते तेव्हा वाद्यवृंद बहुतेक थांबतो किंवा एकाच स्वरओळीत वाजतो. एकट्या वादकाला तत्काळ सुचलेले आणि शंभर जणांच्या कागदावर लिहिलेले यांना एका क्षणी एकत्र आणणे कठीण असते.

मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र अर्थात एनसीपीएने 2006मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. या वाद्यवृंदाने झाकीर हुसेन यांच्याकडून तबल्यासाठी कन्चेर्तो लिहवून घेतला. 'पेशकार' नावाची ही रचना 2015मध्ये मुंबईत प्रथम सादर झाली आणि पुढे युरोपातही वाजली. पेशकार म्हणजे एकल तबलावादनाची सुरुवात. ठेक्याचा सांगाडा ठेवून तो हळूहळू उलगडत जातो. वाद्यवृंदाच्या हाती लिहिलेला लयीचा आराखडा आणि तबल्याकडे त्यातल्या मोकळ्या जागा, अशी ही वाटणी आहे. तबल्याला राग सांभाळायचा नसल्यामुळे हार्मनीला हवे तसे वावरता येते. सतारीच्या कन्चेर्तोत जे अडते ते इथे मुळात उद्‌भवतच नाही.

दोन शतकांत निघालेल्या तोडी थोडक्यात अशा: बिनपडद्याचे वाद्य स्वीकारणे, कॉर्डला मानवणारा संपूर्ण राग निवडणे, कॉर्डच्या जागी दुसरी स्वरओळ चालवणे, कॉर्डचे वाद्यच बाजूला ठेवणे, मूळ गायकीला हात न लावता भोवती नवी लय विणणे, आणि वाद्याची घडण बदलणे. यातली प्रत्येक तोड ज्यांनी काढली ते किमान एका परंपरेत पक्के मुरलेले होते. देवलांपाशी श्रुतींचा अभ्यास होता, मास्टर कृष्णरावांपाशी बखलेबुवांची तालीम, सेबास्टियन डिसोझांपाशी स्वरलेखन, झाकीर हुसेन यांच्यापाशी पंजाब घराणे, त्रिलोक गुर्टूंपाशी घरातली ठुमरी. दुसऱ्या परंपरेचे ज्ञान त्यांनी त्यावर चढवले. जिथे दोन्ही बाजू कच्च्या असतात तिथे ड्रमच्या ठेक्यावर घातलेली आलापी आणि शेवटची तिहाई एवढेच उरते, आणि टाळ्या घ्यायला ते पुरतेही. मारव्याच्या षड्जाचे काय करायचे हा प्रश्न त्या टाळ्यांनी सुटत नाही. तो सोडवण्यासाठी रागाची तालीम आणि हार्मनीचे व्याकरण दोन्ही सारख्याच निष्ठेने शिकावे लागते.